कानाचा डॉक्टर

गल्लीत सांगून ठेवलं होतं, कानाचा डॉक्टर आहे, सदरला.
दर दुसऱ्या मंगळवारी.
कान बरे पडतात. आतलं कोणाला दिसत नाही,
आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला
लोक फार विचारत बसत नाहीत.

ऑटोवाल्यालाही छावणीच सांगायचो.
तिथून पुढे पायी,
कारण पागलखाना चौक हे आमच्याकडे नुसतं चौकाचं नाव नाही.
"जास्त बोलशील तर तिथंच नेऊन सोडीन तुले,"
आई म्हणायची, मी सहा वर्षांचा, हसत,
वरणभात भरवता भरवता.

माग विकला त्या वर्षी सुरू झालं.
विकल्याचं दुःख नव्हतं, खरं सांगतो.
लाकडाचे साडेचार हजार आले, खोलीत पलंग मावला.
फक्त त्या पलंगावरून उठणं जमेना.
बायको म्हणाली आळस. भाऊ म्हणाला बाहेरचं असेल.
मेहुण्यानं ताजबागला नेलं, चादर चढवली.
चादर चांगल्या विणीची होती.
तेवढं मात्र मला दिसलं.

ओपीडीत केसपेपर उलटा धरायचा, नाव आतल्या बाजूला.
परतताना गोळ्या पिशवीत तळाशी,
वर मेथीची जुडी.
जूनचा मंगळवार, कूलर नुसता आवाज करत होता,
आणि औषधाच्या खिडकीपाशी
यमूताई पराते.
आमच्याच गल्लीतल्या. गोळीबार चौकात तर्रीपोह्यांचा ठेला.
त्यांच्याही पिशवीत वर मेथी.
जूनमध्ये. नागपुरात. काय भावानं,
ते दोघांनाच माहीत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.
मग त्याच म्हणाल्या, "कान?"
"हाव. तुमचं?"
"गुडघे. नऊ वर्षं झाली."

मी पायी निघालो तर त्यांनी त्याच चौकात उभं राहून
हात वर केला, ऑटो थांबवला.
रस्ताभर बोलल्या पोह्यांबद्दलच.
पहाटे तीनला कांदा चिरायला बसतात.
कांदा चिरताना रडलेलं, म्हणाल्या, कोणी मोजत नाही.

दिवाळीनंतर समाजभवनाच्या भिंतीवर
त्यांनी पेंटर उभा केला.
तिथं आधीच होतं: कूलर दुरुस्ती, मोटर, जाळी, आणि एक नंबर.
त्याच्याखाली, त्याच निळ्या रंगात,
दुसरा लिहून घेतला. चौदा चार सोळा.
पेंटरला डोकं धरून बसलेला माणूस काढायचा होता.
"माणूस नको. नाव नको.
असं लिव्ह बावा, का उतरवून घेणाऱ्याले म्हणता यावं,
कूलरचा घेऊन राहिलो."

त्या डिसेंबरात थंडी कडक होती.
कानटोपी घातलेले, शाली पांघरलेले लोक
भिंतीपाशी थांबून
कूलरचा नंबर उतरवत होते.

धकात्यांचा प्रज्योत एका रात्री दारात आला.
आत ये म्हटलं तरी येईना.
"काका, तो तुमचा कानाचा डॉक्टर कोणता?"
"काहून? ऐकू येत नाही का?"
"येते. सगळंच येते."
नखानं चौकट खरवडत राहिला.
"सांगू येत नाही."

गुरुवार होता. मंगळवार पाच दिवस लांब.
बायकोनं काही न विचारता
पलंगावरच्या घड्या उचलल्या, जागा केली.
ती, आळस म्हणणारी.
मी नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.
पलीकडे घंटी वाजत होती, कोणीतरी उचलला,
हा नुसताच श्वास घेत बसला.

उठून जावं का, कळेना.
मग मेथी घेतली, खाली पेपर पसरला,
त्याच्याकडे पाठ करून
एकेक पान निवडायला लागलो.
जुडी मोठी होती.
बरंच झालं.