पाणी कुठं मुरतं

एकतीस मार्च, रात्रीचे साडेअकरा.
जतच्या उपकोषागारात
दस्तगीरने तिसऱ्यांदा चहा आणलाय,
कपांवर झाकण म्हणून
गेल्या साली रद्द झालेली परिपत्रकं.

व्हरांड्यात सगळं सरकार उकिडवं बसलंय.
बांधकामाचा, पाणीपुरवठ्याचा, पशुसंवर्धनाचा
एकेक कारकून, मांडीवर देयकं घेऊन,
तापलेली पोरं घेऊन दवाखान्यात बसावं तसा.
बारानंतर ह्यातलं एकही जगत नाही.
अखर्चित रक्कम परत जाते, म्हणतात.
कुठं जाते, हे चोवीस वर्षांत
मला कुणी दाखवलेलं नाही.

वर्षभर मी एकच शेरा मारत आले:
तरतूद उपलब्ध नाही.
आणि आज दुपारी तीनला
तरतूद आली, अख्खी, एकदम,
आमच्याकडं वळीव येतो तशी.
झोडपते, ओघळ पाडते, निघून जाते.

पहिलं देयक पेव्हर ब्लॉकचं.
अठरा लाख चाळीस हजार.
ती गल्ली माझ्या रोजच्या वाटेवर आहे.
जुने ब्लॉक अजून लाल आहेत.
पण मोजमाप पुस्तिका बरोबर, सह्या बरोबर,
फोटोखालचे अक्षांश-रेखांशसुद्धा बरोबर.
पारित केलं.

दुसरं अंगणवाडीच्या इंधनाचं.
चार हजार तीनशे बारा.
लेखाशीर्षात एक आकडा चुकलेला,
चारच्या जागी नऊ.
परत केलं.

मी काही वाईट बाई नाही.
मी फक्त आकडे बघते,
आणि आकडे गल्लीतून चालत येत नाहीत.

लोक म्हणतात, ह्या ऑफिसात पाणी मुरतंय.
मुरतंही असेल.
पण मुरण्याबद्दल मला थोडं वेगळं माहीत आहे.
बहात्तरच्या दुष्काळी कामावर
माझी आई खडी फोडत होती.
मी तेव्हा तिच्या पोटात.
दिवसाची मजुरी आणि ओंजळभर सुकडी,
ती मीही खाल्ली, आतून.
आभाळात काही नव्हतं, बाजारात काही नव्हतं,
खासगीत कुणी कुणाला उभं करत नव्हतं,
तेव्हा कुणीतरी लांब बसून
ह्या माळावर पैसे सांडायचं ठरवलं.
हिशेबात तो खर्चच.
पण तिथं पाझर तलाव झाला.

त्यात पाणी फारसं दिसत नाही.
मुरतं.
आणि सात-आठ महिन्यांनी
खालच्या अंगाला कुणाच्यातरी विहिरीत निघतं.
दगड फोडणारीच्या नव्हे, भलत्याच्याच.
त्यानं तलावाला कधी हात लावलेला नसतो,
तो म्हणतो, माझ्या विहिरीला झरा चांगला.

माझ्या पगारातून अजूनही
महिन्याला दोनशे व्यवसाय कर कापतात.
मूळचा तो रोजगार हमीसाठी बसवलेला.
सगळे कुरकुरतात. मी गप्प असते.
सुकडी खाल्लेल्यानं
कुठल्या तोंडानं कुरकुरायचं?

बाराला चार मिनिटं.
स्क्रीनवर वर्तुळ फिरतंय.
पशुसंवर्धनवाल्यानं हात जोडलेत,
मला की सर्व्हरला, कळत नाही.

अंगणवाडीच्या कागदाचा पोरगा,
प्रज्योत ऐवळे, नोकरीला सहाच महिने झालेत,
आकडा दुरुस्त करून परत आला तेव्हा
बारा वाजून गेले होते.
एप्रिलमध्ये या, म्हटलं.
तो म्हणाला, मॅडम, एप्रिल लागलाच की.
खरं होतं.
पण नव्या वर्षात सगळ्या शीर्षांखाली
शून्य असतं, स्वच्छ, सारवल्यासारखं.

मग तो सहज म्हणाला,
सिलेंडर सेविकाबाईंनी उधारीवर आणलाय,
डिसेंबरपासून त्याच भरतायत.

म्हणजे राज्याला
कुठल्याशा वस्तीवरची एक बाई
चार हजार तीनशे बारा रुपयांचं कर्ज देऊन बसलीय,
बिनव्याजी, मुदत न ठरवता,
आणि अर्थसंकल्पाच्या
इतक्या जाड पुस्तकांत
ते एका ओळीतही नाही.

त्यांचं नाव काय, मी विचारलं.
त्यानं सांगितलं.
लिहायला रकाना नव्हता.

दस्तगीरनं दिवे मालवले.
कपांवरची परिपत्रकं गोळा केली,
घडी घातली, खिशात ठेवली.
उद्याही चहा लागणार.