संपलं की सांग

पियानो फुकट होता.
उचलून न्यायचा, एवढीच अट.
चौथ्या मजल्यावरून सहा माणसं, दोन पट्टे,
मधल्या वळणावर माझ्या करंगळीचं नख गेलं
आणि शेजारचा गोदेर्दझी त्याच्या सातही पिढ्यांना शिव्या घालत राहिला
(पियानोच्या, माझ्या नव्हे).
घरमालकीण वरून बघत होती.
तिनं त्याच्यावरच्या फुलदाण्या तेवढ्या ठेवून घेतल्या.

भट्टीमागच्या खोलीत त्याला भिंतीशी बसवला.
खालची फळी काढली तर आत
एक सुई, एक जुना कोपेक,
आणि एक दुधाचा दात.
कुणाचा, कोण जाणे.
केसारियानं तो मुठीत धरला.
तिचाही एक हलत होता.

सूर लावणारा म्हातारा आला, कान टेकवून बराच वेळ उभा.
म्हणाला, "ह्याला मूळ जागी चढवू नका, तारा तुटतील.
अर्धा सूर खालीच राहू दे.
ह्या वयात कुणाला जिने चढायला लावू नयेत."
पैसे घेतले नाहीत. चार गरम पाव नेले
कोटाच्या आत, छातीशी धरून.

त्सियालाबाईंकडे गेलो ते हात घासून घासून धुऊन,
तरी नखांत पीठ होतंच.
बाईंनी पोरीला काही विचारलं नाही,
वय नाही, आवड नाही.
हातात एक संत्रं दिलं. "सोल."
ती सोलत बसली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात,
करंगळी हवेत, जणू तिचा ह्या कामाशी संबंधच नाही.
साल तीन तुकड्यांत निघाली.
"अंगठा बरा आहे. करंगळी अजून झोपेत.
मंगळवारी आणा."

मी विचारलं, उशीर तर नाही ना झाला?
सात पूर्ण झाली तिला.
बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं.
"तिला नाही झाला," म्हणाल्या.

मंगळवारी मी दाराबाहेर, कोट अंगात तसाच.
आतून एकच पट्टी.
मग काही नाही.
"संपलं की सांग."
"संपलं."
"नाही संपलं. परत."
एक पट्टी. मग रस्त्यावरची बस, पाइपातलं पाणी,
कुणीतरी दूरवर गालिचा झोडपत होतं.
"संपलं?"
"...अजून आहे."
"हं."
चाळीस मिनिटं हेच.
वीस लारीत एक पट्टी!
अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा हिशेब
मी बोटांवर करायला घेतला आणि सोडून दिला.

त्या दिवसापासून घरात सगळं शेवटपर्यंत ऐकलं जायचं.
परातीवर झाकण पडलं की ती हात वर करायची, थांबा.
फ्रीज घरघरून गप्प होईपर्यंत घास तोंडात तसाच.
एकदा मी तिच्यावर ओरडलो
आणि ती रडलीच नाही,
मान तिरकी करून
ऐकत राहिली.

रविवारी बारीहून तिच्या आईचा फोन.
तिकडे ती एका परक्या म्हातारीला भरवते, न्हाऊ घालते,
तीन वर्षं झाली.
"वाजव ना काहीतरी, माझ्यासाठी."
मी म्हणालो, अगं, अजून एकच येतं तिला.
केसारियानं फोन पियानोवर ठेवला,
पट्टी दाबली, धरून ठेवली.
अर्धा सूर खाली.
"संपलं की सांग, आई."

खोलीत संपलं होतं. मला तरी ऐकू येत नव्हतं.
भट्टीत एक लाकूड फुटलं.
फोनवर सेकंद पुढे सरकत होते.
"संपलं?"
"नाही," तिकडून आवाज आला,
"अजून नाही, बाळा."

पहाटे तीनला कणीक फुगायला ठेवतो
तेव्हा मला तासभर काम नसतं.
सकाळी केसारिया बाहेर आली, दात पडल्यानं बोबडी,
कमरेवर हात ठेवून:
माझ्या पट्टीवर पीठ कुणी सांडलं?