लाल पेन्सिल

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, डिसेंबर.
खिडक्यांवर काळा कागद, बल्बांवर पत्र्याच्या टोप्या,
आणि माझ्या टेबलावर दोन चिठ्ठ्या,
दोन्हींवर तोच शिक्का : अति तातडीचे.

एक, तोफगोळ्यांच्या फ्यूजची टोपणं, बावीसशे.
दुसरी, लष्करी इस्पितळाच्या ऑक्सिजन सिलिंडरचे व्हॉल्व्ह,
तीनशे वीस.
तिसऱ्या चिठ्ठीवर शिक्का नव्हता.
फोरमन बस्त्याव परेराने सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेलं :
दोन नंबरच्या लेथचं बेअरिंग रडतंय.
मला चार तास दे.

गोदामात केणीने पितळेच्या सळ्या मोजल्या,
मग परत मोजल्या,
जणू मधल्या वेळात एखादी व्यायली असेल.
एकशे अठरा.
टोपणांना हव्यात शंभर, व्हॉल्व्हना चाळीस.
ही वजाबाकी तिसरीतल्या पोराला येते.
तिच्याखाली सही कुणी करायची
ते कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

मोठ्या साहेबांना फोन लावला.
आधी काय घेऊ?
दोन्ही.
दोन्ही आधी कसं घेता येईल, साहेब?
तिकडून बराच वेळ नुसती खरखर, आणि मग,
तुम्ही प्लॅनिंगला आहात ना?

होतो खरा.
माझ्याकडे एक तक्ता होता, टाचण्या होत्या,
आणि एक लाल पेन्सिल, जिने फक्त एक हा आकडा लिहायचा.
त्या आठवड्यात मी इतके एक लिहिले
की दोन कसा काढतात ते हात विसरला.

रात्रपाळीला तपासणीच्या टेबलावर मथुरा भोईर.
धाकटा भाऊ तोफखान्यात, हे सगळ्या शेडला ठाऊक.
मला वाटलं, ही म्हणणार, टोपणं.
ती काहीच म्हणाली नाही.
गेज लावत राहिली : बसतं, बसतं, बसत नाही.
बसत नाही ते डावीकडच्या पाटीत.
पाटी भरली तशी उचलून माझ्या तक्त्यावर आदळली,
टाचण्या उडाल्या.
शंभरातली अकरा, म्हणाली.
तुमचं पितळ इथे जातंय.

एक वाजून दहा मिनिटांनी मी दोन नंबर बंद केला.
लढाई चालू असताना मशीन बंद?
हे वाक्य पुढे दोन वर्षं
माझ्या फाइलला डिंकासारखं चिकटून होतं.
परेरा उघड्या लेथखाली आडवा,
दातांत स्क्रू, त्यामधून शिव्या,
बहुधा मलाच.
चार तासांचे सहा झाले.
तेवढ्यात एक नंबरवरून पहिले व्हॉल्व्ह उतरले,
हातात धरवेनात इतके गरम.
आम्ही ते धरून पाहिले तरीही.

सकाळपासून शंभरात दोन.
दोन चालतात, मथुरा म्हणाली,
पण म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तरी वजाबाकी उरलीच.
त्या कमी पडलेल्या सळ्या
कुणाच्या तरी वाट्यातून जायच्याच होत्या.
मी एक टाचणी काढली, दुसरीकडे खोचली.
कुठल्या रांगेतून काढली ते आजही सांगत नाही.
कुणी विचारलंही नाही :
चौदाव्या दिवशी लढाई संपली,
आणि त्यानंतर आठवडाभर
तीन भरलेली खोकी गेटवर ट्रकची वाट पाहत बसली.
केणी त्यांवर बसून डबा खायचा.

मथुराचा भाऊ परतला, एका कानाने बहिरा.
पेढे आले. मी एक घेतला.
परेराने दोन, एक बेअरिंगचा म्हणून.

हल्ली बायको किराण्याची यादी पुढे धरते.
गुडघे दुखतात, सगळं एका फेरीत होत नाही,
आधी काय आणाल?
मी खिशात पेन्सिल चाचपतो,
मग टेबलाच्या खणात, मग चष्म्याच्या डबीत.
राहू द्या, ती म्हणते, पिशवी घेते,
आणि स्वतःच जिना उतरते.