उंटिणीचं नाक

सिनावच्या बाजारामागे, गुरुवारी पहाटे,
हुमैद माझा तळवा ओढून
तिच्या नाकपुडीसमोर धरतो.
"बघ, मुहंदिस."
मी मुहंदिस नाही, एसीचा मेकॅनिक,
चिपळूणच्या आयटीआयचा.
पण त्याला कोण समजावणार.

मला वाटलं होतं म्हशीसारखा असेल
तिचा श्वास, ओला, ऊन,
वैरणीचा वास मारणारा.
हा गार. आणि कोरडा.
एसटीचा कंडक्टर सुटे ठेवून घेतो
आणि नुसतं तिकीट हातात देतो
तशी तिनं सोडलेली हवा.

गेल्या हिवाळ्यात मस्कतहून शैमा आली,
मेलेल्या उंटाची कवटी मागत.
हुमैद म्हणाला, जिवंत घेऊन जा, दूधही देईल.
शेवटी वाळूतली एक मिळाली.
माझ्याच शेडमध्ये, माझ्याच करवतीनं
तिनं ते नाक उभं चिरलं.

आत कागदाहून पातळ हाड
गुंडाळलेलं, पुन्हा गुंडाळलेलं,
जत्रेतल्या जिलबीसारखं.
सतरा वर्षं मी कॉइलच्या पात्या कंगव्यानं विंचरतोय
(हो, त्याला खरंच कंगवा असतो)
आणि आमच्याकडे शहाणा कुठं बसवलाय, तर उंटावर.
खाली उतरून नाकात बघितलं असतं
तर?

मग शेडमध्ये नाकं तयार होऊ लागली.
पांढरी, प्लास्टिकची, मशीननं थरावर थर घालून.
पहिलं तडकलं.
दुसऱ्यानं रात्रभरात अर्धा कप पाणी दिलं.
शैमानं ते प्यायलं नाही,
वजन केलं, वहीत लिहिलं, आणि हळूच
माझ्या डब्यातल्या अळवाच्या रोपाला घातलं.
तिसरं वाऱ्याच्या एका दिवसात धुळीनं बुजलं.

तीन रात्री ती आकडे मांडत बसली.
चौथ्या दिवशी हुमैद चहा घेऊन आला,
बुजलेल्या नाकाकडे बघून म्हणाला,
"याला मिटता येत नाही?"

आता पाचवं गच्चीवर आहे.
वारा सुटला की त्याच्या फटी मिटतात,
कधी उशिरा, कधी उगाच.
रात्री खोलीत झोपताना मी
तोंडापुढे हात धरून बघतो.
ओला. किती उधळा आहे माझा श्वास,
रोज थोडं पाणी सांडतो
आणि मला कळतही नाही.

"कळलं?" हुमैद विचारतो.
मी मान हलवतो, तळवा अजून तिथंच.
तेवढ्यात ती शिंकते.
बाह्यांपासून चष्म्यापर्यंत मी भिजतो,
आणि हुमैद हसत हसत खाली बसतो.
"देते," म्हणतो. "तिला वाटलं तर."