वकट, लेंड, मूंड

डोमाजी झाडे बैलगाडीचं जू तासायचा
आणि उरल्या धावड्यातून आमच्यासाठी दांडू.
विटी मात्र बोरीची, दोन्ही टोकं
वासरानं चाटल्यासारखी गुळगुळीत.
"पोट्टे हो, डोळे सांभाळा," म्हणायचा.
त्याचा स्वतःचा डावा तसाच गेला होता,
तेराव्या वर्षी, महादेवाच्या देवळामागं.
सांगताना हसायचा. कोल लई लांब गेला होता म्हणे.

मी पोरगी. मले खेळात घेत नसत.
मी मोजायची.
विटी पडली तिथून खड्ड्यापर्यंत दांडू टाकत टाकत,
दांडू हातात यायचा तो एवढ्यासाठीच :
वकट, लेंड, मूंड, नाल,
ऐद, आर, झक्कू.
झक्कू झाला की पुन्हा वकट.
सातापुढं जगात काही नव्हतं.
हे शब्द कुठले, कोणी विचारलं नाही.
तरोटा उगवतो तसे ते आखरावर
आपले आपण उगवले असतील.

त्या साली मिरचीच्या सातऱ्यावर
नदीपलीकडची लच्चक्का आली.
देठं खुडता खुडता आई शिंकायची, साऱ्याच शिंकायच्या,
ही नाही.
माझं मोजणं ऐकून तिचा हात थांबला.
"ए पिल्ला, हे तर आमचं!"
(पिल्ला म्हणजे त्यांच्यात पोरगी,
मले वाटलं, कोंबडीचं म्हणते.)
आणि एकेक मिरची मांडत गेली :
ओकटि. रेंडु. मूडु. नालुगु.
ऐदु, आरु.
मुकिंदा ओरडला, बुढीनं आपला डाव चोरला!
झक्कू कुठून आला ते तिलाही ठाऊक नव्हतं.
"तो तुमचाच असंल. आमचा एडु."
आणि ती थांबली नाही :
एनिमिदि, तोम्मिदि, पदि.

कोण आलं असेल हे आकडे घेऊन?
मिठाचे बैल, नवरीचं वऱ्हाड,
की बापाचा मार चुकवून पळालेलं
एखादं पोट्टं, कमरेला विटी खोचून?
डोमाजीले विचारलं.
त्यानं लाकूड एका डोळ्यानं न्याहाळलं :
"लाकडाले गाव रायत नाही. गाठ नको फक्त."

सांजेला मुकिंदाचा कोल पार चिंचेपल्याड गेला.
मी वाकून मोजत निघाले.
आर. झक्कू.
"वकट!" पोट्टे ओरडले.
एनिमिदि, मी म्हणाले.
मागं कालवा झाला, कोणी ढेकूळ मारलं,
तोम्मिदि,
दांडू माझ्या हातात होता
आणि खड्डा अजून लांब.