पायमशीन

लोखंड चालत नाही आत, म्हणून पायटा सागाचा.
लाखांदूरच्या मिस्त्रीनं केला, बिजागरीला चामडं,
स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी.
चुंबक कोट्यवधींचं, पायटा साडेसहाशेचा.

सयत्राबाई दिघोरेंना मी विचारलं :
जोडवी, पोत, अंगावर कुठं काही धातू?
नाई जी, म्हणाल्या.
दाराशी पोचल्यावर थांबल्या.
पदराच्या काठातून सुई काढली, निळा दोरा ओवलेली,
आणि माझ्या तळहातावर ठेवली
दुकानाची किल्ली ठेवावी तशी.
मी ती बाहेरच्या रजिस्टरात टोचली.

बत्तीस वर्षं अड्याळच्या बाजारात
झंपर, गणवेश, उशांचे अभ्रे.
उजव्या पोटरीखाली वेटोळं बांधताना
माझ्या बोटांना लागली मुरलेली बाभूळ.

दाबा, मी माइकवर म्हणाले, दोन सेकंदांना एक.
त्यांनी आपलाच ठेका धरला.

पडद्यावर शिखरं. डावीकडे बुटकं,
मध्ये उंच, उजवीकडे तीन भावंडं.
उंच ते फॉस्फोक्रिएटिन.
पाय चालू लागला तसं ते खचत गेलं,
बुटकं चढलं, दोघांतलं अंतर किंचित घटलं,
म्हणजे पोटरीत आंबट उतरू लागलं.
भावंडं मात्र, एटीपीची, जागची हलली नाहीत.
ढोली रिकामी होत जाते
आणि ताटातला भात तेवढाच.

थांबा, म्हणाले.
पाय थांबेना.
थांबा, बाई!
"शिवण अर्धी हाये नं."

ते मोजमाप वाया गेलं.
दुसऱ्या खेपेला थांबल्या, एकदम,
दोरा तुटावा तशा.
उंच शिखर परत वर येऊ लागलं, कोणी न सांगता,
एकवीस सेकंदांत अर्धं. मग सावकाश.
मी श्वास धरून बसले होते. का, कोण जाणे.
भिंतीपलीकडे हेलियमचा पंप चिमणीसारखा चिवचिवत होता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं,
"तुमी मोजलं ते चालतानी, का थांबल्यावर?"
जास्त करून थांबल्यावर.
"मंग हे तीनशे थांबल्याचे?"
हो.
त्या हसल्या नाहीत. नोटा उजेडात धरून पाहिल्या,
पावतीवर अंगठा नाही, सही केली, लांबलचक, सगळ्या वेलांट्यांसकट.

आणि सुई मागितली.
दोरा निसटला होता.
माझ्याकडेच बघत, सुईकडे न बघता,
त्यांनी तो ओवला.