घट

अमळनेरला धुळे रस्त्यावर आमची बर्फाची फॅक्टरी.
मी तिथे वही लिहितो.
लादी निघतानाचं वजन, लादी पोचतानाचं वजन,
आणि शेवटच्या रकान्यात घट.

मार्चात चोपड्यापर्यंत सहा किलो.
एप्रिलात अकरा.
मेमध्ये तापीच्या पुलाआधी टेम्पो पंक्चर झाला
त्या दुपारी एकोणतीस.
मालक म्हणाले, एवढी?
मी म्हटलं, डांबराला विचारा.

उखर्डू आकडीवाला चाळीस वर्षं लाद्या ओढतोय.
आधारच्या मशीनवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले नाहीत,
बर्फाने पुसून नेलेत.
फळी उचलून तो टाकीत बघतो:
खाली खारं पाणी, शून्याखाली उतरूनही वाहतं,
गोड्या पाण्याचे डबे चहूबाजूंनी धरून.
कंप्रेसर गारवा आत ठेवतो
आणि ऊन मागच्या गल्लीत टाकतो.
तिथला निंब एका अंगाने जळालाय.
त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

उखर्डूची नात हर्षाली सध्या जहाजावर आहे,
पार वर, जिथे नकाशा संपतो
आणि भिंतीतला खिळा सुरू होतो.
तीही वहीच लिहिते.
जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचा आवाज आला,
तीन मिनिटांचा, वाऱ्याने चिरलेला:

आजोबा, इथे समुद्रच गोठतो. खारं पाणी.
गोठता गोठता मीठ खाली सोडत जातो,
आणि दोन-तीन उन्हाळे काढलेला बर्फ
इतका गोड होतो की वितळवून चहा करावा.
पण म्हातारा बर्फ आता सापडत नाही.
आहे तो याच हिवाळ्यातला,
पातळ, खारट, पोरसवदा.
पांढरा असतो तोवर ऊन परत पाठवतो,
तो गेला की खालचं काळं पाणी ऊन गिळत बसतं,
मग उरलेला आणखी लवकर जातो.
सध्या रोज तीन-चार खानदेश वितळतात, आजोबा.
रोज.

उखर्डूने ते पुन्हा लावायला सांगितलं.
मग बोटं मोडू लागला:
साक्री. शिरपूर. शहादा. तळोदा.
यावल, रावेर, पलीकडे बोदवड.
एरंडोलपाशी थांबला, तिथे त्याची बहीण दिलीय.
काळं पाणी ऊन गिळतं, हे त्याला सांगावं लागलं नाही.
दर शिमग्याला फॅक्टरीच्या पत्र्याला चुना तोच मारतो.
यंदा मालकाने चुन्याचे पैसे दिले नाहीत,
तेव्हापासून मशीन दोन तास जास्त चालतं.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला,
“तठे भुसा कोन टाकस?”

मी वहीत बघत राहिलो.
वहीत काय असणार.

त्या दिवशी पारोळ्याचं लग्न पुढे ढकललं गेलं
आणि सांगून ठेवलेली एक लादी ओट्यावर तशीच राहिली.
उखर्डूने तिला गोणपाट गुंडाळलं, भुसा चढवला,
लेकराच्या अंगावरची वाकळ सारखी करावी
तसा पुन्हा पुन्हा.
आभाळ नुसतंच भरलेलं, टिपूस नाही.
आम्ही दोघं जागे होतो.
गटारीच्या तोंडाशी पाणी टपकायचं,
थांबायचं,
पुन्हा टपकायचं.
मध्येच त्याने कडेचा एक तुकडा तोडून मला दिला.
“गोड शे,” म्हणाला.
गोडच होता. बोअरिंगचं पाणी ते.

सकाळी ओट्यावर गोणपाट चपटं पडलेलं.
मी लिहिलं: निघाली, एकशे चाळीस.
पोचली, याच्यापुढे पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

उखर्डू समोर उभा.
हातात साखरेची रिकामी पिशवी,
तिच्यात कोरडा भुसा, वर दोरीची गाठ.
“हाऊ पोष्टमा जाई का?”

मी पिशवी काट्यावर ठेवली.
सव्वा किलो.
भुशाला घट नसते.